पंपघरामागची बसकी

३ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आजी, रोज चार ओळी लिहा. ओळ कुठे खाली घसरायला लागते ते बघून ऑपरेशनची तारीख ठरवू." मी म्हटलं, चौथीत शाळा सोडलेल्या बाईला लिहायला कसलं लावताय, सुई द्या, ओवून दाखवते. ते हसले. हसायला त्यांचं काय जातं, मोतीबिंदू माझ्या डोळ्यांत आहेत.

वही नातीनं दिली. तिच्या आईच्या ऑफिसातली गेल्या वर्षीची डायरी. वार चुकीचे, तारखा खऱ्या. तिनं जाड पेनानं ओळी आखून दिल्यात, मधून हत्ती जाईल एवढ्या रुंद.

आज लिहिण्यासारखं एकच. लेक संध्याकाळी आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आई, झालं. बागेत औषध बंद."

औषध म्हणजे तणाचं. फवारलं की आठ दिवसांत गवत पिवळं पडून मरतं. सगळ्या सार्वजनिक बागांमधून ते बंद करायचं, असं वरून पत्र आलं. ते पत्र यावं म्हणून दोन वर्षं अर्ज करत होती ती हीच. ही मोठ्या बागेची मुकादम. हिचे वडील त्याच बागेत सव्वीस वर्षं पाठीवर टाकी घेऊन तेच औषध मारत होते.

मी म्हटलं, "छान. आता गवताला पण एक अर्ज कर, उगवू नकोस म्हणून."

७ एप्रिल

टाक्या पंपघरात कुलूपबंद झाल्या. पण कायमच्या नाहीत. जुलैअखेर वरून पाहणी येणार. तोपर्यंत रस्त्यांच्या कडा स्वच्छ दिसल्या तर बंदी राहील, नाहीतर कुलूप उघडायचं. दाराशी तक्रारींची वही टांगली आहे, पाहणीवाले ती पण वाचणार.

लेक जेवताना म्हणाली, "कुलूप उघडलं तर मी नोकरी सोडणार. टाकी माझ्या हातानं कुणाच्या पाठीवर चढवणार नाही."

घरात कमावती ही एकटी. मी म्हटलं, "सोड. मग आपण तिघी मिळून हवा खाऊ."

"आई, पैलवान खोकतो तो तुला ऐकवायला हवा. अगदी बाबांसारखा."

"खोकला सगळ्यांचा सारखाच असतो."

पैलवान म्हणजे यांच्या हाताखाली तयार झालेला फवारणीवाला. अंगानं दाराएवढा, स्वभावानं पायपुसण्यासारखा. चाळिशीत पहिल्यांदा बाप होणार आहे. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. छातीनं गेले. औषधानं कोणी मरत नाही, औषधानं गवत मरतं. हे मी तिला शंभरदा सांगितलंय.

८ एप्रिल

बागेतल्या सहा माणसांना तण उपटता येत नाही म्हणे. लेकीनं मला बोलावलंय, शिकवायला. मी नाही म्हटलं. आंधळी बाई आता बागेत काय करणार, सावली?

१० एप्रिल

गेले. नात शाळेत, घर गप्प. भिंतींकडे किती वेळ बघणार, त्या पण धुरकट दिसतात.

बाग मला दिसली ती दुधात बुडवल्यासारखी. झाडं कुठे संपतात आणि आकाश कुठे लागतं कळत नव्हतं. माणसं त्या दुधातून यायची आणि त्यातच विरघळायची. मला वाटलं, हे सगळं मी झोपेत बघतेय. तेवढ्यात पैलवान ओरडला, "मावशी, पुढे नळ आहे!" आणि गुडघ्याला लागलं, तेव्हा कळलं जागी आहे.

औषध यायच्या आधी आम्ही बारा बायका होतो या बागेत. ओळीनं बसायचं, हातात खुरपं, तोंडानं जगाच्या उखाळ्यापाखाळ्या. औषध आलं आणि आमच्या हातात झाडू आले. आणि टाकी आली ती माझ्याच नवऱ्याच्या पाठीवर. बाकीच्या अकराजणी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी असते तर मी पण बोलले नसते.

११ एप्रिल

पैलवानानं वाफ्यातली फुलांची रोपं उपटली, अख्खी रांग, आणि तण सुबक ठेवलं. मी म्हटलं, "वीस वर्षं बागेत आहेस ना रे?"

"मावशी, औषधाला ओळख लागत नव्हती. दिसलं हिरवं, मारला फवारा."

खरं आहे ते. सहाही जणांना डोळे मिटायला लावले आणि हातात काड्या दिल्या. लव्हाळ्याची काडी तिकोनी असते, बोटांत फिरवली की कोपरे लागतात. गवताची गोल. घोळ गुळगुळीत, पानं जाड. दुधाणी मोडली की चिकट. डोळे मिटले की बाप्ये शहाणे होतात, हे मला आजच कळलं.

माझ्या बोटांच्या टोकांना हल्ली कोपरे लागत नाहीत. वय झालं. म्हणून मी काडी ओठाला लावून बघते. लेक लांबून धावत आली, "तोंडाला लावू नकोस! या मातीत वर्षानुवर्षं काय मुरलंय माहितीये तुला?"

"तुझे बाबा त्याच हातानं डबा खायचे," मी म्हटलं.

तेवढ्यात पैलवान खोकला. दोन ठसके, एक थांबा, मग एक लांब, तळ खरवडल्यासारखा. मी मोजत नव्हते. मोजलं गेलं.

२६ एप्रिल

वाफे जमले, हिरवळ जमली. रस्त्याच्या कडा जमेनात. इकडून खुरपत तिकडे जावं, तोवर इकडे पुन्हा उगवलेलं. गवताला बंदीचं पत्र मिळालंय असं वाटतं.

सकाळी फिरायला येणारे एक छडीवाले गृहस्थ आहेत. रोज वहीत लिहितात. नातीनं वाचून दाखवलं: "पूर्वेच्या रस्त्याची कडा म्हणजे दाढी न केलेला मनुष्य." लेकीला वाईट वाटलं. मला आवडलं. मनुष्य लिहायला जाणतो.

४ मे

दुपारी डोळा लागला. हे दिसले. फवारणीवाले उलटे चालतात, मागे मागे, म्हणजे ओल्या औषधावर पाय पडत नाही. हे तसे मागे मागे चालत माझ्याकडे येत होते. मला फक्त पाठीवरची टाकी दिसत होती. त्यांच्या पुढ्यातली सगळी बाग निळी होत चालली होती. मी म्हणतेय, अहो, तोंड फिरवा की इकडे. तर म्हणाले, "हात खराब आहेत." आणि जाग आली. हातांचा आणि तोंडाचा काय संबंध? स्वप्नात सुद्धा माणूस सरळ उत्तर देत नाही.

निळं का, तर औषधात निळा रंग कालवतात. कुठे मारलं, कुठे राहिलं ते कळावं म्हणून. तो निळा कशानं जात नाही. यांचे शर्ट, टोपी, डब्याचं फडकं, कमरेचा पट्टा, सगळ्यावर ठिपके. सोडा झाला, लिंबू झालं, राख झाली. सव्वीस वर्षं मी तो निळा घासला आणि सव्वीस वर्षं तो जिंकला. पैलवानाच्या अंगठ्याचं नख अजून निळं आहे म्हणे. नखाबरोबर वर सरकतंय, पुढे पुढे कापत जाईल तसं संपेल.

१२ मे

आज एक चोरी सापडली.

ऊन फार म्हणून पैलवान मला पंपघरामागे सावलीत घेऊन गेला. कित्येक वर्षांत तिकडे गेले नव्हते. पाय टेकला तर मऊ. वाकून हात फिरवला. बसकी! जमिनीला धरून पसरणारी वेल, बोटभर उंच, बारीक बारीक फुलं. आम्ही बायका तिला बसकी म्हणायचो, कारण उठायचं नावच घेत नाही. औषध आल्यावर ती बागेतून गेली ती गेलीच, औषधापुढे नाजूक असते. आणि इथे दोन खाटा मावतील एवढी जागा गच्च भरलेली. मधमाश्यांचा आवाज असा, की कुणीतरी लांबून गुणगुणतंय.

मी म्हटलं, "ही वाचली कशी?"

पैलवान म्हणाला, "काकांनी सांगितलं होतं, इथे पंप मारायचा नाही."

"का?"

"तेवढंच सांगितलं. मी विचारलं नाही. ते गेल्यावर पण मी मारला नाही."

म्हणजे बघा! सव्वीस वर्षं कागदावर "पूर्ण बाग" म्हणून सही करायची आणि एवढा तुकडा दर वेळी चुकवायचा. मी जन्मभर या माणसाला सरळ समजत होते.

घरी येऊन लेकीला सांगितलं. म्हटलं, ती जागा मला चांगली माहीत आहे, तू तान्ही असताना तुझी झोळी मी तिथेच बांधायची, दोन खोडांच्या मध्ये. पांढऱ्या चादरीची झोळी. तुझ्या बाबांनी कधी तिला झोका दिला नाही. डबा खायला यायचे ते दहा हात लांब बसायचे. म्हणायचे, हात खराब आहेत. लांबूनच शीळ घालायचे. बायकोच्या कामाला हात लावायला कमीपणा, दुसरं काय. आणि आता कळतंय की कामचुकार पण होते.

लेक भाजी चिरत होती. सुरी ठेवली आणि तोंड धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता. पाणी वाया घालवू नकोस म्हणून ओरडले तेव्हा बाहेर आली. हिला मधूनच काय होतं कोण जाणे.

१५ मे

पहाटे डोळे उघडले आणि कळलं. त्या बसकीत एकही तण नव्हतं. गवताला शिरायला फटच ठेवत नाही ती. माणसांनी पायदळी तुडवली तरी मरत नाही. रस्त्याच्या कडांना तीच लावायची. कडा उघडी राहिली की तण येणारच. कडेला काहीतरी बसवून टाकलं की येईल कुठून?

लेकीला सांगितलं. आधी खूश झाली. मग म्हणाली, "पण वेल आणायची कुठून?"

"कुठून म्हणजे? पंपघरामागून."

"तिथलं नको."

"का नको?"

"नको म्हणते ना आई. तिथे खुरपं लावायचं नाही."

मी म्हटलं, "अगं, बसकी म्हणजे काय हिरे आहेत? तण आहे ते. आम्ही पूर्वी टोपल्या भरून फेकायचो. नोकरी जायची वेळ आलीय आणि ही दोन खाटांएवढ्या तणाला राखण बसवतेय!"

तर म्हणते, "तुला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?"

काय कळायचं? मला बागकाम कळतं. बाकीचं शाळेत शिकलेल्यांनी बघावं.

१७ मे

लेक बोलत नाही. नात दोघींमध्ये निरोप घेऊन पळतेय. "आई म्हणते मीठ कमी आहे." "आईला सांग, मीठ तिच्याच हाताजवळ आहे." नात म्हणाली, मला पगार द्या.

१९ मे

आज एकटी गेले, खुरपं पिशवीत घालून. पंपघरामागे बसले. खुरपं काढलं, जमिनीला टेकवलं. दाबलं नाही.

खरं लिहायचं तर, का नाही दाबलं ते मला माहीत नाही. हात थांबला. हाताला काही विचारायची सवय नाही मला.

मग आडवी झाले, उगीच, कंबर दुखत होती म्हणून. मोतीबिंदूतून झाडाची पानं दिसत नाहीत, नुसता हिरवा प्रकाश हलताना दिसतो, पाण्याच्या तळाशी पडल्यासारखं. मधमाश्या होत्या. कुणीतरी शीळ घालत होतं. दहा हात लांबून. मी म्हटलं, या की जवळ. शीळ तिथेच राहिली. आणि माझ्या अंगावरून काहीतरी पांढरं हलकं हलकं येत होतं आणि जात होतं.

डोळे उघडले तर शेजारी लेक बसलेली. पायाच्या बोटांनी बसकी दाबत होती.

"पैलवानानं सांगितलं," ती म्हणाली. "म्हणाला, मावशी पंपघरामागे पडल्यात. मी धावत आले. वाटलं, तू..."

"मी मेले तर रजा टाकून मरेन. तुला कळवीन आधी."

ती हसली. मग विचारलं, "मी इथे झोपायची?"

"झोपायची कमी, रडायची जास्त."

मग मी तिला दाखवलं. सगळी खरवडून काढायची नसते. एक वीत घ्यायची, एक वीत ठेवायची, असं करत जायचं. जी ठेवतो ती महिन्याभरात हातपाय पसरून रिकामी जागा भरून टाकते. इथली पण राहील आणि तिकडची पण होईल. माझ्या आईनं शिकवलं होतं, आणि तिला कुणी शिकवायची गरज पडली नसावी.

लेक म्हणाली, "मग परवाच नाही का सांगायचं असं?"

"तू मिठाचं विचारत होतीस."

पहिलं खुरपं तिनंच घातलं. मी नाही.

८ जून

रोज कडा. वीतभर तुकडा, मध्ये वीतभर जागा, अंगठ्यानं दाबायचा, पाणी. पैलवानाचा अंगठा यासाठीच देवानं घडवलाय. छडीवाल्यांनी लिहिलं: "कडेला हिरवी ठिगळं लावण्याचा उद्देश समजत नाही." बरोबर आहे. ठिगळंच दिसतात. मला तर तीही दिसत नाहीत.

डॉक्टरांनी वही बघितली. ओळ तिसऱ्या शब्दापासून घसरते म्हणे. उजव्या डोळ्याची तारीख दिली, जुलैची अठ्ठावीस.

२ जुलै

पैलवानाला मुलगी झाली. सांगायला आला आणि दारातच रडला. एवढा मोठा देह आणि रडणं एवढंसं. म्हटलं, आत ये, पायपुसणं ओलं होतंय.

खोकला कमी झालाय का, असं विचारलं. म्हणाला, हवा बदललीय म्हणून असेल. म्हटलं, असेल.

१४ जुलै

ठिगळं एकमेकांना मिळायला लागली. मी बसून हात फिरवत कडेनं सरकते. जिथे मिळाली नाहीत तिथे बोट खाली जातं. आज पाच वेळा गेलं. मागच्या आठवड्यात वीस वेळा जात होतं.

लेक रात्रंदिवस कडांचा विचार करते. जेवताना ताटाच्या कडेला भाताची शितं ओळीनं लावत होती.

२७ जुलै

उद्या डोळा. पाहणी तीस तारखेला. म्हणजे ज्या दिवशी बघायला हवं, त्याच दिवशी माझ्या डोळ्यावर झाकण. नशीब पण मुकादमासारखंच, नेमकी हवी ती रजा मंजूर करत नाही.

३० जुलै

ही नोंद नात लिहितेय, मी सांगतेय. एका डोळ्यावर झाकण, दुसरा कामाचा नाही.

दिवसभर खाटेवर पडून होते. दारात चप्पल वाजली. मी पावलांवरून ओळखायचा प्रयत्न केला. ओळखता येईना. लेकीचे वडील पण असेच, चांगली बातमी असो की वाईट, पाऊल एकच.

लेक येऊन खाटेच्या कडेला बसली. म्हणाली, पाच जण आले होते. मोठे साहेब पूर्वेच्या रस्त्यानं गेले, वाकले, बसकीला हात लावला, म्हणाले, "हे कुठून आणलं?" लेक म्हणाली, "वडिलांनी ठेवलं होतं." त्यांना वाटलं, बियाणं ठेवलं होतं. मग त्यांनी तक्रारवही उघडली. छडीवाल्यांची शेवटची नोंद कालचीच होती: "कडेची फुलं कापू नयेत, ही विनंती."

टाक्या राहतील कुलपात. एक वर्षानं परत बघणार.

मी विचारलं, "फक्त एक वर्ष?"

"आई!"

बरं, बरं. एक वर्ष. (आजी हसत होती. — नात)

७ ऑगस्ट

स्वतः लिहितेय. झाकण निघालं. बाई गं, काय रंग आहेत जगात! मला वाटायचं आमची भिंत पिवळी आहे. पांढरी आहे. आणि निळं! निळं तर मी विसरूनच गेले होते. आकाश एवढं निळं असतं, हे कुणी आठवण करून द्यायला नको?

संध्याकाळी पैलवान आला, मुलीला घेऊन. बापावर गेलीय, म्हणजे केस नाहीत. मी म्हटलं, "अंगठा दाखव." दाखवला. नख कोरं, गुलाबी. शेवटचं निळं गेल्या आठवड्यात कापलं म्हणाला. त्याच अंगठ्याला पोरीनं मूठ घट्ट आवळली होती आणि तोंडाकडे ओढत होती. तो ओढू देत होता.

त्या पोरीला द्यायला काहीतरी हवं म्हणून मी जुनी पेटी उघडली. लेकीची झोळी त्यात आहे, चादर जुनी पण अजून मजबूत. वर यांचे कपडे होते. नव्या डोळ्यानं आज पहिल्यांदा बघितले. शर्ट, टोपी, पट्टा, डब्याचं फडकं. एवढ्या वर्षांत मला वाटलं होतं, विटला असेल. कुठला विटतोय. ठिपका न् ठिपका निळा, काल पडल्यासारखा.

सगळ्यांच्या खाली झोळी. बाहेर काढली, खिडकीशी नेली, पूर्ण उलगडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. दोन्ही बाजूंनी बघितली. कडा, गाठीची जागा, सगळं.

पांढरी. एकही ठिपका नाही.

मी चांगली धुणारी होते, दुसरं काय.

पैलवानाला झोळी दिली. सांगितलं, पंपघरामागे दोन खोडं आहेत, तिथे बांध, सावली चांगली असते. आणि दहा हात लांब बसू नकोस. जवळ बस.

डॉक्टरांना विचारायला हवं. डोळा नवा आहे, तरी आजची ही ओळ खाली का घसरली?